हाक आणि मायना

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी आपल्या सचिवांकडे एक सूचना धाडली. सरकारी कागदपत्रांतून 'विधवा' हा शब्द काढून टाकावा आणि त्याच्या जागी 'गंगा भागीरथी' हा शब्द योजावा, असा तिचा आशय होता. हेतू सन्मानाचा होता. अपंगांसाठी 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला, तसाच हाही होईल अशी अपेक्षा असावी. परंतु सूचना बाहेर पडताच तिच्यावर टीकेची झोड उठली आणि टीका करणाऱ्यांत स्त्रिया पुढे होत्या. मग ती केवळ चर्चेसाठी होती, निर्णय काही झालेला नाही, असा खुलासा करून प्रकरण मिटविण्यात आले.

वरवर पाहणाऱ्यास या रागाचे नवल वाटेल. भागीरथीहून पवित्र ते काय? आणि पवित्र नावाने कोणी हाक मारली तर त्यात दुखावण्यासारखे काय आहे? शब्दकोश उघडून याचे उत्तर मिळावयाचे नाही. ते मिळवावयाचे तर आमच्या भाषेने स्त्रियांना आजवर कसे संबोधिले, याचा थोडा इतिहास चाळला पाहिजे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करून ठेवतो, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. हाक वेगळी आणि मायना वेगळा. ताई, अक्का, माई, वहिनी, काकू, मावशी, आजी या हाका. बोलणारा आणि ऐकणारी, अशी दोन माणसे समोरासमोर असली की हाक पुरी होते. मंडईतली भाजीवाली गिऱ्हाइकाला 'ताई, घ्या की' म्हणते, तेव्हा त्या ताईचे लग्न झाले आहे की नाही, नवरा आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते आणि त्यावाचून तिचे काही अडतही नाही. मायना म्हणजे पत्राच्या शिरोभागी लिहावयाची आदरवाचक पदवी. हा शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'अर्थ, आशय' असाच आहे. मायना कागदावर असतो, आणि कागद तिऱ्हाईतही वाचतो. जासूद वाचतो, कारकून वाचतो, पुढे टपालवाला वाचतो. म्हणून मायन्यात आदराबरोबर माहितीही शिरते. ही माहिती कसली, हाच आमचा आजचा विषय आहे.

प्राचीनांकडे वळू. भरताच्या नाट्यशास्त्रात कोणी कोणास काय म्हणावे याची मोठी तपशीलवार व्यवस्था लावून दिली आहे. राणीला सेवकांनी 'भट्टिनी', 'स्वामिनी' किंवा 'देवी' म्हणावे. सख्यांनी एकमेकींस 'हला' म्हणावे. दासीस 'हंजे' म्हणावे. वृद्ध स्त्रीस 'अंबा' म्हणावे. गणिकेलासुद्धा तिच्या परिवाराने 'अज्जुका' असे आदराने संबोधावे. या यादीत उच्चनीचभाव भरपूर आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या शब्दांचा आम्ही उल्लेख केला, त्यांतला कोणताही शब्द नवरा हयात आहे काय, असे विचारीत नाही. वय, दर्जा आणि बोलणाऱ्याशी असलेले नाते एवढ्यावरच त्यांचे भागते.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर अनोळखी स्त्रीशी कसे बोलावे याचा नियमच आहे. जी परस्त्री आपल्या रक्ताच्या नात्यातली नाही, तिला 'भवति', 'सुभगे' किंवा 'भगिनि' असे संबोधावे, असे मनू सांगतो. यांतला 'भवति' हा शब्द आमच्या घरोघर अजून ऐकू येतो. मुंजीत बटू भिक्षा मागताना पहिला शब्द हाच उच्चारतो. त्याचा अर्थ 'अहो बाईसाहेब, आपण' इतकाच आहे, हे त्या बटूस ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्याच्या काकांनाही नसते! 'भगिनि' व्यासपीठावर येऊन बसली आहे. 'बंधुभगिनींनो' म्हटल्यावाचून आमच्याकडे सभा सुरू होत नाही.

राहिली 'सुभगा'. हिची कथा मोठी आहे. सुभगा म्हणजे मूळची भाग्यवान, रूपवती आणि विशेषेकरून पतीची आवडती. जी नावडती ती 'दुर्भगा'. अनेक बायका असलेल्या घरात आवडतीच्या मुलास 'सौभागिनेय' म्हणत, आणि तो शब्द कसा सिद्ध होतो याची सोय पाणिनीने आपल्या सूत्रात केली आहे. म्हणजे सौभाग्य ही मूळची प्रेमाची गोष्ट. नवरा जिवंत असूनही स्त्री दुर्भगा असू शकत असे. पुढे या अर्थाला हळूहळू ओहोटी लागली. नवऱ्याचे प्रेम मोजणे कठीण, त्याचे जिवंत असणे सर्वांस दिसते. सौभाग्य म्हणजे पती हयात असणे, एवढाच अर्थ शेवटी उरला. मग मारझोड सोसणारीही 'सौभाग्यवती', आणि पन्नास वर्षे सुखाने संसार करून पती गमावलेली सौभाग्यहीन. मूळच्या अर्थाने पाहता हे अगदी उलटे झाले.

'विधवा' या शब्दाविषयीही असाच एक गैरसमज रूढ आहे. 'धव' म्हणजे पती आणि 'वि' म्हणजे गेलेला, अशी फोड आपण शाळेत शिकतो. भाषाशास्त्रज्ञांचे म्हणणे निराळे आहे. विधवा हा शब्द फार जुना, ऋग्वेदातला. लॅटिनमधला 'विदुआ' आणि इंग्रजीतला 'विडो' ही त्याचीच भावंडे. वियुक्त झालेली, रिकामी राहिलेली, असा त्याचा मूळ भाव आहे. 'धव' हा शब्द मागाहून, विधवेची फोड करता करता निघाला. म्हणजे विधवा आधी आणि 'धव' नंतर! 'अविधवा' हाही शब्द ऋग्वेदात आहे, आणि त्याचेच झिजलेले रूप म्हणजे आमचा मराठी 'अहेव'. अहेवपणी मरण यावे, असे म्हणणाऱ्या आज्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. पितृपक्षात अविधवा नवमी येते तीही याच शब्दाची. नवऱ्याच्या आधी मरण आले तर ते भाग्याचे, ही कल्पना त्या झिजलेल्या शब्दात गोठून राहिली आहे.

आता आपल्या भूमीवर येऊ. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या पुतळ्यांवर नावे कोरलेली होती. त्यांत राणीचे नाव आधी आणि राजाचे मागून आहे: देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी. तेथल्याच मोठ्या लेखात यज्ञयाग आणि दक्षिणा यांची लांबलचक गणना आहे. तो लेख याच राणीचा, म्हणजे नागनिकेचा, मानला जातो. त्यात ती स्वतःस महिना महिना उपवास करणारी, घरी राहून तपस्विनीचे आयुष्य घालविणारी म्हणवते. नाशिकच्या लेण्यांतला गौतमी बलश्रीचा लेख याहून प्रसिद्ध आहे. तो तिचा नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. तीही तप, दम, नियम आणि उपवास यांत रमलेली आहे, आणि ती 'महादेवी' आहे, महाराजांची माता आहे, महाराजांची पितामही आहे.

या दोन्ही राण्या विधवा होत्या. वैधव्य म्हणजे तपश्चर्या हा विचार दोघींच्या लेखांत दिसतो, हे मान्य केले पाहिजे. पुढच्या गंगाभागीरथीचे बीज शोधावयाचेच तर ते येथे सापडेल. परंतु पदवी मात्र 'देवी' आणि 'महादेवी' हीच राहिली आहे. पती गेला म्हणून ती बदलली नाही. शिवाय ज्या मुलाच्या पराक्रमाचे वर्णन त्या लेखात आहे, तो आईच्या नावाने ओळखला जातो: गौतमीपुत्र.

तेथून हजार अकराशे वर्षे खाली उतरून लीळाचरित्र उघडावे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही मराठी. चक्रधरस्वामींच्या भोवती जमलेल्या स्त्रियांची नावे पाहा: महदाइसा, उमाइसा, आउसा, आबाइसा. 'आई' किंवा 'बाई'पुढे आदराचा 'सा' लागला आहे. नागुबाइसांना तर सारे नुसते 'बाइसा' म्हणत. हाकेचेच नाव झाले. महदाइसा, जिला आपण आद्य मराठी कवयित्री मानतो, ती परंपरेनुसार लहानपणीच विधवा झालेली. तिच्या नावावर त्याची काही खूण नाही. विधवेस एक प्रत्यय आणि सवाष्णीस दुसरा, असा भेद त्या मंडळींनी केला नाही. हा पंथाचा विशेष की त्या काळच्या मराठीचा, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते दोहोंचा. मुक्ताबाई अविवाहित आणि जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, तरी दोघी 'बाई'च आहेत.

फरक दिसू लागतो तो मराठेशाहीच्या पत्रांत. दप्तरे वाढली, पत्रव्यवहार वाढला, आणि कोणास कोणता मायना लिहावा याचे शास्त्र बनले. मायना चुकला तर माणसे रुसत. पुरुषांचे मायने त्यांच्या हुद्द्यावरून आणि विद्येवरून ठरत. सरदारास 'राजश्रियाविराजित राजमान्य राजश्री', शास्त्र्यास 'वेदशास्त्रसंपन्न', वडीलधाऱ्यास 'तीर्थरूप'. त्यांतल्या कोणत्याही मायन्यावरून गृहस्थ विधुर आहे की काय, हे कळत नाही. स्त्रियांचे मायने मात्र दोन वाटांनी गेले. जिचा पती हयात ती 'वज्रचुडेमंडित'. चुडा म्हणजे बांगड्या, आणि वज्र म्हणजे न फुटणारे. जिचा पती गेला ती 'गंगाजळनिर्मळ' किंवा 'गंगाभागीरथी'. गंगा आणि भागीरथी एकाच नदीची नावे. पावित्र्य ठसावे म्हणून ती जोडीने आली. पत्र उघडण्यापूर्वी, नाव वाचण्यापूर्वी, पहिल्याच शब्दात त्या बाईच्या मनगटावर बांगड्या आहेत की नाहीत हे वाचणाऱ्यास कळत असे.

अहल्याबाई होळकरांचे उदाहरण घ्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव मारले गेले. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी माळव्याचा कारभार केला, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि देवळे बांधली, पेशव्यांशी बरोबरीच्या नात्याने बोलल्या. त्यांना येणाऱ्या पत्रांवरचा मायना 'गंगाजळनिर्मळ मातुश्री' असा. यात भक्ती आहे, आदर आहे, यात शंका नाही. पण त्याच हुद्द्याच्या पुरुषाच्या मायन्यात राज्य आले असते, लक्ष्मी आली असती. बाईंच्या मायन्यात वैधव्य आले. अपवाद आठवतो तो येसूबाईंचा. संभाजी महाराजांनी त्यांना जी मुद्रा करून दिली तिच्यात 'सखी' आणि 'राज्ञी' हे दोन शब्द आहेत. पत्नीस सखी म्हणणारा आणि तसे मुद्रेवर कोरून देणारा राजा विरळा.

एक गोष्ट येथे विसरता कामा नये. हे मायने मोठ्या घरांतले होते. कुणब्याच्या किंवा बलुतेदाराच्या बायकोस वज्रचुडे कोण लिहिणार? तिचे नाव कागदावर आलेच तर जमिनीच्या किंवा तंट्याच्या निमित्ताने, आणि तेथे 'सखूबाई कोम धोंडीबा' अशी नोंद होई. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. कोठे 'भ्रतार' असे लिहीत, आणि जुन्या सातबाऱ्यांवर 'भ्र.' एवढेच उरले. पुरुषाच्या नावापुढे 'बिन' किंवा 'वलद', म्हणजे अमक्याचा मुलगा. दप्तराचा 'कोम' रोखठोक आणि पत्राचा 'वज्रचुडेमंडित' मऊ, पण दोघे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात.

छापखाने आले, टपाल आले, आणि मायन्यांची छाटणी झाली. 'राजमान्य राजेश्री'चे 'रा. रा.' झाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेही मागे पडून 'श्री.' एवढे उरले. वज्रचुडे गेले, त्यांच्या जागी 'सौ.' आले. गंगाभागीरथीचे 'गं. भा.' झाले. अविवाहितेस 'कु.'. पुरुषाचे 'कुमार' मिसरूड फुटेपर्यंत टिकते आणि मग आपोआप गळते, स्त्रीचे 'कु.' मात्र लग्नावाचून जात नाही, मग ती साठ वर्षांची मुख्याध्यापिका असो. लग्नपत्रिकेत वर नुसता 'चि.' असतो आणि वधू 'चि. सौ. कां.', म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. सौभाग्याची आकांक्षा एकटीनेच धरावयाची असते काय, असे वराच्या बापास विचारून पाहावे. मरणानंतरही हा हिशेब संपत नाही. देणगीच्या पाट्यांवर 'कै. सौ.' असे कोरलेले असते. नवऱ्याच्या आधी गेली, हे दगडावरही सांगितलेच पाहिजे!

या गर्दीत 'श्रीमती' या शब्दाची मोठी ओढाताण झाली. 'श्री'ला 'मत्' प्रत्यय लावून पुल्लिंगी 'श्रीमान्' आणि स्त्रीलिंगी 'श्रीमती'. अर्थ, जिच्यापाशी श्री आहे ती. हिंदीत तो विवाहितेसाठी रूढ झाला. मराठीत ती जागा 'सौ.'ने अगोदरच अडविली होती. म्हणून श्रीमती उरलेल्यांच्या वाट्याला आली. गं. भा. लिहिणे ज्यांस जिवावर येई ते विधवेस श्रीमती लिहू लागले, आणि प्रौढ अविवाहितेसही. त्याचा परिणाम असा की नवरा हयात असताना चुकून श्रीमती लिहिले तर घरात वादळ उठे. ज्या शब्दात पतीचा संबंधच नाही, तो अशुभ ठरला. पुढे कचेऱ्यांनी तो सरसकट सर्व स्त्रियांस लावावयास आरंभ केला, तेव्हा कोठे त्याची सुटका झाली, आणि तीही अर्धीच. घरगुती समारंभाच्या पत्रिकेवर आजही तो जपून लिहिला जातो.

गंगाभागीरथीवर राग का, याचे उत्तर एव्हाना मिळाले असेल. ज्या काळात पत्रावर हा मायना लिहीत, त्याच काळात ती बाई समोरून आली तर लोक निघालेले पाऊल मागे घेत. तिचे केशवपन होई, तिला मंगल कार्यात मागच्या खोलीत बसवीत. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. १८९० साली मुंबईतल्या नाभिक मंडळींनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरविले. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्यांनी हे सोसले त्या घरांच्या लेकीसुनांना तो पवित्र शब्द परत हातात घ्यावासा वाटत नाही, यात आम्हांस काही गैर दिसत नाही. कागदावर गंगा आणि घरात अपशकुन, असा तो संसार होता.

स्वतःच्या कर्तृत्वावर पदवी मिळविलेली स्त्री त्या काळात नव्हती असे नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्या वेळी त्या अविवाहित होत्या. पुढे विवाह झाला, वैधव्य आले, धर्मांतर झाले. 'पंडिता' ही पदवी या साऱ्यातून जशीच्या तशी राहिली. नावामागे लागून आयुष्यभर न बदललेली, पुरुषाच्या 'शास्त्री'सारखी, ही पदवी होती.

आता 'बाई'कडे वळतो, कारण तिची दशा पाहून आम्हांस खेद होतो. मुक्ताबाई, जिजाबाई, अहल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई अशी ही परंपरा. शाळेतल्या शिक्षिकेस मुले 'बाई' म्हणत आणि त्या शब्दाचा दरारा चांगल्या थोर माणसांच्या मनातून म्हातारपणीही जात नसे. त्याच शब्दाचा शहरात 'कामाला बाई लावली' असा उपयोग सुरू झाला आणि शाळेत 'मॅडम' आल्या. संगीतात तर शब्दाची कोंडीच झाली. गंगूबाई हनगल एकदा म्हणाल्या होत्या की गाणारा पुरुष मुसलमान असला की उस्ताद होतो, हिंदू असला की पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाई यांच्यासारख्या मात्र बाईच राहतात. त्यांचे बोल कडू होते पण खरे होते. मोगूबाई कुर्डीकरांची कन्या किशोरी आमोणकर 'किशोरीताई' म्हणून ओळखली गेली. एका पिढीत 'बाई'ची 'ताई' झाली ती उगाच नाही. पुण्याच्या विद्यापीठास २०१४ साली नाव मिळाले ते सावित्रीबाई फुले यांचे. सोलापूरच्या विद्यापीठाचे नाव २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर असे आहे. अहल्याबाईंच्या हयातीत त्यांस 'बाई' म्हणण्यात कोणास उणेपणा वाटला नव्हता. तो आता वाटतो, आणि दोष त्या शब्दाचा नाही. घरकाम करणाऱ्या स्त्रीस लागलेला शब्द राणीस शोभणार नाही, असे आमचे आम्हीच ठरविले आहे.

ही अडचण केवळ आमची नव्हे. इंग्रजीतले 'मिस' आणि 'मिसेस' हे दोन्ही शब्द एकाच 'मिस्ट्रेस'पासून, म्हणजे घरधनिणीपासून निघाले, आणि लग्नावरून त्यांची वाटणी मागाहून झाली. पश्चिम जर्मनीच्या सरकारने १९७२ साली कचेरीच्या कागदांतून 'फ्रॉयलाइन' हा अविवाहितेचा शब्द काढला. फ्रान्सने २०१२ साली सरकारी अर्जांतून 'मादमोआझेल' वगळला. आमच्याकडे 'सुश्री' हिंदीतून आली आहे; ती सभेच्या फलकावर दिसते, घरात अजून रुळलेली नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने एक ठराव केला. पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात, असा तो ठराव. राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे म्हणून परिपत्रक काढले. वज्रचुडे न फुटणारे असे अडीचशे वर्षांपूर्वी पत्रांत लिहीत होते. ते खरोखर फोडू नयेत असा ठराव एका लहानशा गावाने केला.

कागदाच्या बाजूलाही थोडी हालचाल झाली आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने असे ठरविले की १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहावे. नाशिकच्या लेण्यातल्या त्या आजीस हे वाचून विशेष काही वाटले नसते. तिचा मुलगा गौतमीपुत्र आणि नातू वासिष्ठीपुत्रच होता. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचे नाव, मग नवऱ्याचे नाव आणि मग आडनाव, ही चालत आलेली पद्धत त्याच निर्णयाने कायम ठेवली आहे. दोहोंच्या मधला 'कोम' तेवढा आता लिहीत नाहीत.